विटेला भूक लागत नाही

वाचकांचे प्रश्न, जीवशास्त्राच्या बाईंची उत्तरं

या वेळी टपालाने आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रांत पेशीबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. जागेअभावी सात घेतली आहेत. पहिलं पत्र माझी चूक दाखवणारं आहे, म्हणून ते आधी.

नववीतला विद्यार्थी, नंदनवन: मॅडम, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की पेशी म्हणजे शरीराची वीट. आमच्या घरी वरच्या मजल्याचं काम चालू आहे, अंगणात विटाच विटा पडल्या आहेत. मी रोज पाहतो. वीट खात नाही, वाढत नाही, तिला पोरं होत नाहीत. मग पेशीला वीट काहून म्हणायचं?

बाळा, तुझं बरोबर आहे. बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना ही उपमा मी शेकडो वेळा दिली, कारण माझ्या शिक्षकांनीही मला तीच दिली होती. आज ती मागे घेते.

ती आली कुठून ते बघ. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापाचं सूक्ष्मदर्शकातून दिसलेलं चित्र छापलं. मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले, त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, म्हणजे लहानशी खोली. पण बूच ही झाडाची मेलेली साल. आतलं सगळं कधीच आटून गेलेलं, उरल्या होत्या फक्त भिंती. नागपूरच्या महाल भागातला एखादा जुना वाडा माणसं निघून गेल्यावर पाहावा, तसं हूकने पेशीला पाहिलं. नाव मात्र त्या रिकाम्या खोल्यांवरून पडलं ते पडलंच. पेशीतल्या केंद्रकाला नाव मिळायला १८३१ साल उजाडलं. रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशी बघताना ते दिलं. आणि पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे रुडॉल्फ विरशॉने १८५५ मध्ये ठासून मांडलं. तू लिहिलंस ना, विटेला पोरं होत नाहीत म्हणून? विरशॉचं म्हणणं तुझ्या त्या वाक्यात आलं आहे.

आता मला उपमा द्यायचीच झाली तर मी डोंग्याची देईन. माझं माहेर पवनीचं, वैनगंगेच्या काठचं. मासेमारीला निघालेल्या जुन्या डोंग्यात दोघं असायचे. एकाच्या हातात वल्हं, दुसऱ्याच्या हातात पत्र्याचा डबा. लाकडाच्या चिरांतून पाणी आत येत राहायचं आणि डबेवाला ते उपसून बाहेर फेकत राहायचा. गप्पा चालू, बिडी चालू, पण डबा थांबत नसे.

जिवंत पेशीभोवती मेदाच्या दुहेरी थराचं पटल असतं. जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. तुझ्या वहीचं एक पान जेवढं जाड, तेवढ्या जाडीत अशी बारा-तेरा हजार पटलं एकावर एक मावतील. बाहेरच्या पाण्यात सोडियम आतल्यापेक्षा दहा-बारा पटींनी जास्त, त्यामुळे ते या पटलातून आत झिरपत राहतं. पोटॅशियमचं उलटं, ते आत जास्त आणि बाहेर गळतं. पटलात बसवलेलं एक प्रथिन दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं. हाच तो डबा. डेन्मार्कच्या येन्स स्कोउने तो १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये, शोधला, आणि त्यासाठी नोबेल मिळालं ते थेट १९९७ मध्ये. डबा चालवायला लागणारी ऊर्जा तंतुकणिका, म्हणजे पेशीतली बारीक ऊर्जाघरं, देतात, आणि त्यांना ती तू खाल्लेल्या पोळीतून मिळते. तुला भूक लागते त्यातली मोठी भूक या उपसण्याची आहे. उपसणं कायमचं थांबलं की पेशी फुगते आणि मरते. विटेला काही उपसावं लागत नाही, म्हणून तिला भूक नाही.

हा डोंगा लक्षात ठेव. खाली एका मोठ्या उत्तरात तो पुन्हा येणार आहे.

संत्रा बागायतदार, काटोल तालुका: नातीला आंबिया बहाराचं संत्रं सोलून देत होतो. तिने फोडीतला एक दाणा वेगळा काढला आणि म्हणाली, “आजोबा, ही एक पेशी आहे का?” मी हो म्हणून टाकलं. बरोबर की चूक?

चूक, पण नातीची नजर चांगली आहे. फोडीचं पातळ कातडं सोललं की थेंबाच्या आकाराचे जे रसाचे दाणे सुटे होतात, ते एका पेशीचे नसतात. फळ अगदी लहान असताना फोडीच्या आतल्या अस्तरावर बारीक केस फुटतात. ते वाढत, फुगत जातात आणि त्यांचेच दाणे होतात. प्रत्येक दाण्यात पुष्कळ पेशी असतात, बाहेरून लांबट पेशींची साल आणि आत रसाने टचटचीत भरलेल्या मोठ्या पेशी. दाण्याचं बारीक टोक म्हणजे त्या केसाचा देठ.

खरी गंमत त्या आतल्या पेशींमध्ये आहे. त्यांची जवळजवळ सगळी जागा एकच रिक्तिका, म्हणजे पटलाची एक पिशवी, अडवते. ‘रिक्त’ हे नाव इथे फार चुकीचं वाटतं मला, कारण आंबट रस, साखर, पाणी सगळं तिच्यातच. केंद्रक आणि बाकीचं पेशीद्रव्य कडेला दाबून बसलेलं असतं. हे पेशीद्रव्य आंबट नसतं, जवळपास साध्या पाण्यासारखं उदासीन असतं, आणि त्याला खेटून असलेल्या रिक्तिकेतला रस त्याच्या हजारो पट आम्लधर्मी! मध्ये फक्त एक पटल. त्या पटलावरचे पंप हायड्रोजन आयन सतत रिक्तिकेत ढकलतात. ते ढकलणं थांबलं आणि आम्ल पेशीद्रव्यात मिसळलं, तर पेशी स्वतःच्याच आंबटपणाने मरेल. फळ पिकताना सायट्रिक आम्ल हळूहळू खर्ची पडतं, साखर वाढते, आणि आपण म्हणतो संत्रं ‘गोडावलं’.

नातीला एकच पेशी डोळ्यांनी दाखवायची असेल तर कोंबडीचं अंडं फोडा. फलन न झालेल्या अंड्यातला पिवळा बलक ही एक पेशी आहे. पांढरं आणि कवच हे तिच्यावर नंतर चढलेले थर. फलित अंड्यात मात्र घातलं जाईपर्यंत बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात.

निवृत्त किराणा दुकानदार, इतवारी, वय ६३: बाई, २२ वर्षांपासून शुगर आहे. वर्षभरापासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, रात्री तर चटणी चोळल्यासारखी आग होते. डॉक्टर म्हणतात नसा कमजोर झाल्या. मी म्हटलं, नस म्हणजे रक्ताची नळी, मग पायात रक्त जात नाही का? ते म्हणाले, तसं नाही. घाईत होते, पुढे विचारता आलं नाही. आणि सुरुवात पायापासूनच का? हाताला काहीच नाही.

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, पण आधी ‘नस’ या शब्दाचा गुंता सोडवू. पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो ‘नस चढली’, तो असतो स्नायू. सलाइन लावायला सिस्टर ‘नस’ शोधतात, ती रक्ताची शीर. आणि डॉक्टरांनी ज्या नसा सांगितल्या त्या चेता, ज्यांना जुनी माणसं मज्जातंतू म्हणत. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टर एक बोलतात आणि आपण दुसरंच ऐकून घरी येतो.

तुमच्या अंगठ्याला गार-गरम कळतं ते एका चेतापेशीमुळे. ती पेशी अंगठ्यात राहत नाही. तिचं शरीर, म्हणजे केंद्रक असलेला गोळा, कंबरेच्या मणक्यांशेजारी बसलेलं असतं. तिथून एक धागा, अक्षतंतू, मांडीतून पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरतो, आणि दुसरं टोक मेरुरज्जूत शिरतं. एक मीटरभर लांब धागा, आणि पेशी एकच! तिचा गोळा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरा. तो संत्र्याएवढा मोठा केला तर त्याच प्रमाणात धागा जवळपास दीड किलोमीटर होईल. नागपुरात बर्डीवरून निघून रेल्वे स्टेशन जवळ आलं, एवढा.

आता डोंग्याकडे या. उपसा चालू असतो म्हणून पेशीच्या आत-बाहेर विजेचा फरक टिकतो. चेतापेशीत तो साधारण ७० मिलिव्होल्ट, आतली बाजू ऋण. अंगठ्याला काही टोचलं की तिथल्या पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि एका मिलिसेकंदापुरती आतली बाजू धन होते. तो धक्का लागून शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. अशी लाट धाग्यावरून वर सरकते. तारेतून वीज वाहते तसं हे नाही. धाग्याचा प्रत्येक तुकडा तो संदेश नव्याने घडवतो आणि लगेच दारं बंद करून पुन्हा उपसायला लागतो. हे गणितात मांडलं हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी, १९५२ मध्ये. त्यासाठी त्यांनी समुद्रातल्या माकुळाचा अक्षतंतू घेतला, कारण तो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड, आत तार घालता येईल एवढा.

लाटेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. जाड धाग्यांभोवती ‘श्वान’ पेशींनी (हे एका शास्त्रज्ञाचं आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही) मेदाचं वेष्टन गुंडाळलेलं असतं. त्यांच्यात लाट एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी मारत जाते, सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून जोरात. जळजळ आणि ठणका वाहणारे धागे बारीक आणि उघडे, त्यांचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर. पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की आधी ‘आपटलं’ हे कळतं, आणि ‘आई गं’ क्षणभराने येतं, ते यामुळे.

मग सुरुवात पायापासून का? पेशीला लागणारी बहुतेक प्रथिनं गोळ्यातच बनतात. तुमच्या अंगठ्यापर्यंत माल पोचवायचा तर तो धाग्याच्या आतल्या बारीक नळ्यांवरून, रेणूंच्या हमालांनी वाहून न्यावा लागतो. सर्वांत वेगवान माल दिवसाला ४० सेंटीमीटर जातो, म्हणजे अंगठा गाठायला अडीच-तीन दिवस. मंद माल दिवसाला फार तर काही मिलिमीटर. तुम्ही आज जेवून उठलात आणि त्यातून जे बनलं, त्यातलं काही अंगठ्यापर्यंत पोचायला वर्ष उलटू शकतं. तुम्ही दुकान चालवलं आहे, भाऊ, लांबच्या गावाला माल पाठवण्यातली जोखीम तुम्हाला मी काय सांगावी.

वर्षानुवर्षं वाढलेली साखर या वाहतुकीवर दोन बाजूंनी घाला घालते. चेतांना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या बिघडतात, आणि धाग्यातल्या तंतुकणिका ऊर्जा देईनाशा होतात. टंचाई पडली की सर्वांत दूरच्या गावाला आधी झळ लागते. सर्वांत लांब धागे तळपायाचे, म्हणून दोन्ही पायांना, मोजा घातल्यासारखी सुरुवात. हात त्यानंतर. दुखावलेले बारीक धागे काही लागलेलं नसतानाही आपोआप संदेश पाठवू लागतात, ती तुमची रात्रीची आग. तुमच्या पायाला कोणी चटणी चोळलेली नसते, पण संदेश खराच येतो, म्हणून आगही खरी आहे. घरातलं कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

आणि आता हात जोडून सांगते. आग कमी होऊन पाय बधिर व्हायला लागला तर बरं वाटलं असं समजू नका. माझ्या आईचं असंच झालं. मे महिन्यात ती गच्चीवर कुरड्यांचं वाळवण उलटायला अनवाणी गेली. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, दुपारी फरशीवर पाणी टाकलं तर टिकत नाही. तिला काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी मी पाय पुसायला घेतले तेव्हा दोन्ही टाचांना फोड. ती जखम भरायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत रोज पट्टी बदलताना मला एकच वाटायचं, की चेतापेशी कोणत्या त्या मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते आणि घरात आईचे पाय कधी तपासले नाहीत.

म्हणून: रात्री झोपण्याआधी आरशात तळपाय बघा, स्वतःला जमत नसेल तर सूनबाईंना, नातवाला सांगा. देवळाच्या अंगणातही उन्हाळ्यात मोजे घाला. पाय गरम पाण्यात शेकू नका, आग होत असली तरी. डॉक्टरांना सांगून वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्याने आणि कंपन पावणाऱ्या नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) पायाची तपासणी करून घ्या. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासायला विचारा, कारण त्याच्या कमतरतेनेही असाच त्रास होतो आणि तो बराचसा सुधारता येतो. साखर आटोक्यात ठेवली तर बिघाडाची चाल मंदावते. तुटलेला धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर, तेही वाट मोकळी असेल तर.

मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या वेगळ्या. त्यात दाबाखाली चेता तात्पुरती अडते, उठलं की दोन मिनिटांत मोकळी होते. त्याची काळजी नको.

वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, मूळची कोल्हापूरची: मॅडम, तिखट मला नवीन नाही, पण इथं सावजी मटण खाल्लं आणि तोंड भाजून निघालं, घामाने भिजले. तोंड खरंच भाजतं का? पाणी पिऊन काहीच फरक का पडत नाही?

भाजत नाही गं. जिभेवरच्या ठणका वाहणाऱ्या चेतापेशींच्या पटलात एक दार असतं, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. ते साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं आणि मेंदूला कळवतं की चटका बसतोय. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच दाराला चिकटतं आणि ते नेहमीच्या तापमानालाच उघडतं. संदेश तोच, दार तेच, वाट तीच. मेंदूने त्याचा अर्थ ‘भाजलं’ असाच लावायचा, दुसरा पर्याय त्याच्याकडे नाही. म्हणून घामही उन्हात यावा तसाच येतो. डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेने हे दार १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. पक्ष्यांचं हेच दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. आमच्या भिवापूरकडच्या मिरचीवर पोपट खुशाल ताव मारतात ते म्हणून.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दूध, दही घे. दुधातलं केसीनही त्याला धरून नेतं.

नीटची तयारी करणारा विद्यार्थी, सक्करदरा: पेशीतला गॉल्जी पिंड आणि चेतापेशी रंगवणारा गॉल्जी, एकच का? नोट्समध्ये दोन वेगळ्या प्रकरणांत नाव येतं.

एकच. कामिल्लो गॉल्जी, इटलीचा. मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो गावात एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. १८७३ मध्ये त्याने मेंदूच्या तुकड्यावर आधी डायक्रोमेट आणि मग सिल्व्हर नायट्रेट वापरलं, आणि पिवळसर पार्श्वभूमीवर एखाददुसरी चेतापेशी नखशिखांत काळी झालेली दिसली. थोड्याच पेशी रंगतात, हाच त्या पद्धतीचा मोठेपणा. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. पुढे १८९८ मध्ये त्याच धर्तीच्या रंगाने घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत त्याला जाळीसारखी रचना दिसली, ती तुझी गॉल्जी पिंड.

पण पुढची गोष्ट नोट्समध्ये नसेल, म्हणून सांगते. गॉल्जीचं मत होतं की सगळ्या चेतापेशी एकमेकींत मिसळून एकसंध जाळं होतात. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने गॉल्जीचीच पद्धत सुधारून हजारो काप पाहिले आणि १८८८ पासून सांगायला लागला की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, शेजारणीला नुसती खेटून थांबते. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, आणि गॉल्जीने तिथल्या भाषणातही काहालच्या मताला विरोधच केला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट दाखवली, जेमतेम २० ते ४० नॅनोमीटरची. विद्युतलाट तिथे थांबते आणि पुढचा निरोप रसायन नेतं. काहाल बरोबर ठरला. तरीही मी वर्गात गॉल्जीचं नाव आधी घेत असे. ज्या रंगाने तो खोटा पडला, तो रंग त्यानेच दिला होता.

एक युवती, वय २४, उमरेड तालुका: ताई, लग्नाआधी सिकलसेलची तपासणी केली. ‘एएस’ आलं. मला आजवर काही त्रास नाही. पण ठरत आलेल्या स्थळाकडून निरोप आला की मुलगी रोगी आहे. आई रडते. मी खरंच रोगी आहे का?

नाही बेटा. तू वाहक आहेस, रोगी नाहीस. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखव.

तांबडी रक्तपेशी ही फार वेगळी पेशी. तयार होताना ती आपलं केंद्रक टाकून देते, तंतुकणिकाही टाकते, आणि जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनला देते. मध्ये दबलेल्या चकतीसारखी, ७-८ मायक्रोमीटरची. तिच्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती वाकून, घडी होऊन निघून जाते. आयुष्य १२० दिवसांचं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बदल एवढाच. पण दोन्ही जनुकं तशी असली, म्हणजे ‘एसएस’ असलं, तर प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती अडकते, वाहिनी तुंबते, असह्य वेदना होतात. अशी पेशी १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्त कमी.

तुझ्याकडे एक जनुक नेहमीचं, म्हणजे ‘ए’, आणि एकच बदललेलं, म्हणजे ‘एस’, आहे. त्यामुळे रोजच्या आयुष्यात तुला त्रास नाही. फार श्रमात शरीर कोरडं पडू देऊ नको, उन्हाळ्यात पाणी पीत राहा, एवढंच. हे जनुक आपल्या विदर्भात का टिकलं तेही ऐक. एक प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. मलेरियाने भरलेल्या जंगलपट्ट्यांत ज्या लेकरांत ते होतं ती जास्त जगली. तुझ्या पूर्वजांना त्याने वाचवलं असेल. त्यात लाज कसली?

आता हिशेब. मुलगा ‘एए’ असेल तर तुमचं एकही मूल ‘एसएस’ होणार नाही. मुलगाही ‘एएस’ असेल तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ची शक्यता २५ टक्के, ‘एएस’ची ५० आणि ‘एए’ची २५. म्हणजे निम्मा प्रश्न त्या मुलाच्या रक्तात आहे, आणि त्याने तपासणी केली की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. त्यांना विचार. ज्यांनी स्वतःच्या मुलाचं रक्त न तपासता तुला रोगी म्हटलं, त्यांचं वागणं चुकीचं आहे, असं मी स्पष्ट म्हणते. दोघंही वाहक निघाले आणि तरी लग्न करायचं ठरलं, तर गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी आधीच समुपदेशकाशी बोला. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. तुझ्या भावंडांचीही करून घे.

पुढचं पत्र मुलाचा रिपोर्ट आल्यावर पाठव. मी वाट पाहीन.

दोन मुलांची आई, हिंगणा रोड: मुलांसाठी साधा सूक्ष्मदर्शक घेतला. कांद्याचा पापुद्रा बघून झाला. आता त्यांना स्वतःची पेशी बघायची आहे. रक्त काढायला मी तयार नाही.

रक्ताची गरज नाही. चूळ भरायला सांगा. आइसक्रीमच्या स्वच्छ लाकडी चमच्याने गालाच्या आतून हलकेच खरवडा. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब, त्यात तो चमचा फिरवा. वर मिथिलीन ब्लूचा अगदी छोटा थेंब. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात ते मिळतं, पण कपड्यांवरचा डाग जात नाही, तेव्हा जुनी चादर अंथरा. एक-दोन मिनिटांनी काचेचं पातळ झाकण तिरकं धरून हळूच ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे येणार नाहीत. मुलं बुडबुड्यालाच पेशी समजतात, काळी जाड कड दिसली की तो बुडबुडा.

आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली फिकट निळे, वेडेवाकडे तुकडे शोधा, मग चारशे पटींवर या. मधला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. कांद्याच्या पेशी चौकटीत मांडल्यासारख्या दिसल्या असतील, या तशा नसतात, कडा दुमडलेल्या, एकमेकींवर पडलेल्या, कारण यांना पेशीभित्तिका नाही. मुलांना हा फरक तुम्ही सांगू नका, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढायला लावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर स्लाइड पाच मिनिटांत वाळते, म्हणून झाकणाच्या कडेने थोडी व्हॅसलिन लावून घ्या.